तेरा मीटर ऐंशी सेंटिमीटर सुतळी

जव्हार तालुक्यातलं वावर बाहेरच्यांना माहीत आहे ते १९९२ च्या बालमृत्यूंमुळे. वावर-वांगणीचं नाव तेव्हा राज्यभर गाजलं. आजही तिकडे जाणारा पाहुणा बहुधा वजनकाटा नाहीतर खाऊचे पुडे घेऊन जातो. मी सुतळीचं बंडल नेलं होतं. भात झोडून झालं होतं, सातवी-आठवीची मुलं मैदानात जमली होती आणि विषय होता विश्वाचा इतिहास.

विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. हा आकडा फळ्यावर लिहिला की मुलं तो वहीत उतरवतात आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून एक सेंटिमीटर म्हणजे एक कोटी वर्षं असं ठरवलं, १३ मीटर ८० सेंटिमीटर सुतळी मोजली आणि दोन मुलांनी ती ताणून धरली. एका टोकाला महास्फोट, दुसऱ्या टोकाला आज. वितीभर अंतरातच पहिले तारे पेटले. तिथे लाल चिंधी बांधली. सूर्य आणि पृथ्वीची जागा मुलांनी ओळखायची होती. बहुतेकांनी त्या चिंधीजवळच बोट ठेवलं. खरी जागा निघाली आजच्या टोकापासून साडेचार मीटरवर.

“मग तोवर काय चाललं होतं?” एका मुलीने विचारलं.

तारे जन्मत होते, मरत होते. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड हे सगळं ताऱ्यांनीच घडवलं. बापाच्या कमरेच्या कोयत्यातलं लोखंड आणि आपल्या रक्तातलं लोखंड, दोन्हींचं माहेर एकच, हे सांगितल्यावर पोरं एकमेकांच्या मनगटांवरच्या शिरा तपासू लागली.

डायनासोर संपल्याची खूण टोकाआधी ६.६ सेंटिमीटरवर आली. तिथे मी मैदानातलाच एक काळा दगड ठेवला. जव्हार-मोखाड्याचे डोंगर लाव्हाचे थर एकावर एक साचून झाले, तेही साधारण त्याच काळात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. रोज ठेच लागणारा दगड एवढा जुना, हे त्यांना नवीन होतं. माणसाला मात्र चिंधी बांधायलाही जागा उरली नाही. आपली जात सुमारे ३ लाख वर्षांची, म्हणजे सुतळीवर ०.३ मिलिमीटर. “टोकाचा एक धागा उसवा,” एका पोराने तोडगा काढला. तसंच केलं.

“पण हे पाहिलंय कोणी?” हा प्रश्न यायलाच हवा होता. त्याचं उत्तर रात्री, जेवणानंतर दिलं. डोक्यावरच्या आकाशात देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका दुर्बिणीशिवाय दिसत होता. त्या उजेडाला इथे पोचायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात; सुतळीवर अडीच मिलिमीटर. जितकं लांबचं बघावं तितकं जुनं दिसतं. जेम्स वेब दुर्बीण तर आपल्या लाल चिंधीच्या शेजारचा उजेड टिपते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर राहून आलेला एक मुलगा म्हणाला, “तिकडं एवढं चांदणं नसतं, सर.”

“सुतळीच्या आधी काय होतं?” या प्रश्नावर मी सरळ सांगितलं, अजून कोणालाच ठाऊक नाही. डॉ. जयंत नारळीकरांचंही सांगितलं. कोल्हापुरात जन्मलेल्या, पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभारणाऱ्या या शास्त्रज्ञाला महास्फोटाचा सिद्धान्त अखेरपर्यंत पटला नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला असतानाही ते गणित मांडून वाद घालत राहिले. मोठ्या माणसांचं न पटणं चालतं, हे ऐकून मागच्या रांगेतही कुजबुज झाली.

शिक्षकमित्रांना एवढंच सांगायचं आहे: हा धडा साधनांअभावी ऑप्शनला टाकू नका. काळा दगड पायाखाली आहे आणि शहराने गमावलेला अंधार आदिवासी पाड्यांवर अजून शाबूत आहे. लागते ती सुतळी, आणि “ठाऊक नाही” म्हणायची तयारी.