पाय मारा, पण बेतानं!

दोस्तांनो, एक प्रश्न. फ्रीस्टाइल पोहताना माणूस पुढे जातो तो कशाच्या जोरावर? हातांच्या की पायांच्या? घाई करू नका. माझ्या काकांनी ‘पायांच्या’ असं ठासून सांगितलं होतं!

आम्ही रामटेकचे. आमच्याकडे पाण्याची काय कमी? गडाच्या पायथ्याशी अंबाळा तलाव, थोडं पुढे खिंडसी. तरी पंचेचाळिशीपर्यंत काकांना पोहता येत नव्हतं. एकदा खिंडसीत नावेतून फिरताना त्यांच्या मुलीनं सहज विचारलं, “बाबा, मी पडले तर?” काका गप्पच झाले. पुढच्या रविवारपासून त्यांनी नागपूरचा तरणतलाव गाठला. सोबतीला मी.

काकांचे पाय म्हणजे लोखंड! गडाच्या पायऱ्या ते न थांबता चढतात. पाण्यातही त्यांनी धडाधड पाय मारले. पाणी उडालं छतापर्यंत, पण काका पंचवीस मीटरांतच कठड्याला धरून धापा टाकू लागले. म्हणाले, “माहे पाय त मजबूत हायेत ना बाप्पा! मंग दम काहून लागते?”

त्याचं कारण मजेशीर आहे, बरं का. फुफ्फुसांत हवा असते म्हणून छाती तरंगते. पाय मात्र खाली जातात. नवशिका मोठा माणूस श्वासासाठी डोकं वर काढतो, की पाय आणखीच बुडतात. मग ते वर आणायला तो जोरात लाथा झाडतो. मांड्यांचे स्नायू शरीरातल्या सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी. ते भरमसाट प्राणवायू खातात. दम लागला की पुन्हा डोकं वर! म्हणजे खड्डा आपणच खणायचा आणि आपणच पडायचं.

लांबवर पोहताना पुढे नेण्याचं बरंचसं काम हात करतात. पायांचं काम अंग आडवं, सरळ आणि तोललेलं ठेवायचं. म्हणून ५० मीटरच्या शर्यतीत उजवा आणि डावा असे दोन हात फिरेपर्यंत साधारण सहा वेळा पाय हलतात. लांब पल्ल्याचे कित्येक पोहणारे तेवढ्यात दोनदाच हलवतात. उजवा हात पाण्यात शिरताना डावा पाय, डाव्या हाताला उजवा. आपण चालतो ना, तस्संच!

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर तुम्हांला ठाऊक असतील. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. तरी १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनीच पटकावलं. हातांत किती बळ असतं, याला दुसरा पुरावा कशाला?

मग पाय मारायचेच नाहीत? छे! मारायचे, पण हलके. जोर कमरेपासून, गुडघा जरासाच वाकलेला, पाऊल मागे ताणलेलं आणि घोटा सैल. सायकल चालवल्यासारखे गुडघे पोटाशी आणले, की पाणी आपल्यालाच अडवतं. मोठ्यांचे घोटे बहुधा आखडलेले असतात, म्हणून ते रोज थोडे फिरवून मोकळे करावेत. नजर तळाकडे ठेवावी. तोंड पाण्यात असताना श्वास सोडत राहावा आणि घ्यायच्या वेळी मान उचलण्याऐवजी अंगासकट कुशीला वळावं.

काकांना हे जमायला दोन महिने लागले. आता ते न थांबता चारशे मीटर जातात आणि पाणी उडत नाही, आवाजही होत नाही. पण शिक्षकांनी त्यांना एक गोष्ट बजावली आहे, ती तुम्हीही लक्षात ठेवा. पोहता येतं म्हणून बुडणाऱ्यासाठी झेप घ्यायची नाही. आधी ओरडून माणसं जमवायची आणि दोर, काठी किंवा ट्यूब फेकायची. नावेत बसताना तर जीवरक्षक जाकीट हवंच. आणि अनोळखी तलावात एकट्यानं उतरायचं नाही, म्हणजे नाही!

तुमच्या घरी आहे का कुणी पोहायला न शिकलेलं? बाबा, आत्या, मावशी? या सुट्टीत त्यांना शिक्षकांकडे घेऊन जा. ‘आता आमचं वय का शिकायचं?’ असं ते म्हणतील. तेव्हा एवढंच सांगा, “पाय हळू मारायचे आहेत हो, तुम्हांला नक्की जमेल!”