उसना आवाज

एक ऑगस्टची सकाळ महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत सारखीच उजाडते. टेबलावर लोकमान्यांची तसबीर, शेजारी अण्णाभाऊंची, दोन्हींना झेंडूचे हार. चौथीतली एक चिमुरडी पुढे येते. हात ताठ, नजर छताकडे, आणि एका दमात सुरू होते : ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो, मी आज तुम्हांला जे चार शब्द सांगणार आहे ते शांतपणे ऐकून घ्यावेत, ही नम्र विनंती.’ पाठोपाठ लोकमान्यांच्या शाळेतल्या गोष्टीतली शेंगांची टरफले येतात. तिच्यानंतरच्या मुलाच्या भाषणातही तीच टरफले. मध्येच एखादे वाक्य निसटले, की पुन्हा ‘अध्यक्ष महाशय’पासून सुरुवात.

मला या भाषणांचे हसू येत नाही. शब्द गुरुजींचे असले तरी पोटातला गोळा त्या पोरीचा स्वतःचा असतो. काळजी वाटते ती पुढची. वक्तृत्व स्पर्धेत उच्चारांना गुण असतात, हावभावांना असतात, आवाजाच्या चढउतारांनाही असतात. हे तुला स्वतःला पटले आहे का, यासाठी मात्र रकाना नसतो. घरी ‘पानी’ म्हणणारे पोर व्यासपीठावर ‘पाणी’ म्हणायला शिकते. ते शिकावेच. पण त्यासोबत घरचा आवाज घरीच ठेवून यायचा असतो, हेही ते मुकाट शिकून घेते. मग मोठेपणी शाल-श्रीफळ स्वीकारून ‘माझ्याकडे शब्द नाहीत’ असे अर्धा तास सांगते, आणि शोकसभेत, गेलेला माणूस कुणीही असो, ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ निर्माण करून खाली बसते.

अशा वेळी गाडगेबाबा आठवतात. अंगावर चिंध्या, हातात खराटा. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे. नोव्हेंबर १९५६मध्ये मुंबईत वांद्र्याला त्यांनी केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला ते गेले. ते कीर्तन आजही ऐकता येते. शहर मुंबई, बोली मात्र अस्सल वऱ्हाडी. बाबा प्रश्न विचारतात, श्रोत्यांकडून उत्तर वदवून घेतात, मध्येच नामघोषाला लावतात आणि पुन्हा प्रश्नाला येतात.

गंमत अशी, की बाबांचे विषयही वर्षानुवर्षे तेच होते : कर्ज काढून सण-लग्ने करू नका, देवापुढे बकरे कापू नका, जेवायचे ताट मोडा पण पोरांना शिकवा. म्हणजे टरफलांसारखीच पुनरावृत्ती. तरी ते बोलणे शिळे होत नसे, कारण प्रश्न त्या रात्री समोर बसलेल्या माणसांना असे. शिवाय सकाळी त्यांच्या दारापुढचा कचरा याच हातांनी झाडलेला असे. बोलण्याला असा जामीन असला, की आवाज लावावा लागत नाही.

साधेपणा म्हणजेच खरेपणा असेही नाही. आचार्य अत्रे आठवा. गेल्या दहा हजार वर्षांत घडले नाही आणि पुढच्या दहा हजार वर्षांत घडणार नाही, असे ते इतक्या गोष्टींबद्दल म्हणत, की लोक त्या वाक्याची वाटच पाहत. अतिशयोक्ती पुरेपूर, पण ती अत्र्यांच्या घरची. त्यांचा राग आणि त्यांचे प्रेम दोन्ही त्याच मापाचे होते. दुसऱ्या कुणी ते वाक्य उचलले, की नक्कल ऐकू येते.

हल्ली मनमोकळे कसे बोलावे याचेही वर्ग निघाले आहेत. सुरुवातीला बालपणाची आठवण, मग थोडे थांबणे, शेवटी जरासा दाटलेला कंठ. छताकडे बघणारी नजर तेवढी श्रोत्यांकडे वळली. आवाज उसनाच राहिला. तयारी करण्यात काहीच गैर नाही, पाठांतरातही नाही. बोलणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या छापेकडे आहे की समोरच्या माणसाकडे, एवढ्यावरच सारे ठरते, आणि ते मागच्या रांगेतल्या आजीलाही पहिल्या दोन मिनिटांत कळते.

म्हणून पुढच्या शोकसभेत माइक तुमच्या हाती आला, तर पोकळी राहू द्या. गेलेल्या माणसाने तुमच्यासाठी केलेली एखादी गोष्ट, घरी बोलता त्याच बोलीत सांगा आणि खाली बसा.