मनोहारीदांचा अल्टो

'काश्मीर की कली'मधलं 'है दुनिया उसी की' हे गाणं दोघांनी गायलं आहे, असं मी मानतो. एक मोहम्मद रफी, दुसरे मनोहारी सिंग. तबकडीवर गायक म्हणून नाव पहिल्याचंच आहे, कारण दुसऱ्याच्या गळ्यात शब्द नव्हते, ओठांत सॅक्सोफोन होता. पण ऐकून पाहा. रफीसाहेब ओळ संपवतात आणि तिथूनच सॅक्सोफोन तिचं उरलेलं दुःख उचलून घेतो. गायकाला जिथे श्वास घ्यावा लागतो, तिथे वादकाचा श्वास सुरू होतो. १९६४ साली ओ. पी. नय्यर यांनी हा संवाद रचला आणि हिंदी गाण्यात सॅक्सोफोन पार्टीतून उठून एकट्या माणसाच्या शेजारी येऊन बसला.

मनोहारी सिंग मूळच्या नेपाळी घरातले, जन्म १९३१ सालचा, कोलकात्याचा. लहानपणीच बाटानगरमधल्या बाटा कंपनीच्या बँडमध्ये फुंकवाद्यं हाताशी आली. आधी बासरी, पिकोलो, क्लॅरिनेट. मग अल्टो सॅक्सोफोन. कोलकात्याची रात्र तेव्हा हॉटेलांतल्या जॅझ बँडवर जागायची आणि त्या बँडमधून हा मुलगा तयार झाला. सलील चौधरींनी ही चीज ओळखली, मुंबईला चला म्हणाले. १९५८ साली मनोहारीदा मुंबईत आले ते इथलेच झाले.

तो काळ कुठला, हे ध्यानात घेतलं पाहिजे. चाळीसच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी नाचायचं संगीत बसून ऐकायला लावलं, त्याला जग बीबॉप म्हणू लागलं. पार्करचं वाद्य अल्टोच. वेग असा की सूर मोजायच्या आत पुढचे दहा येऊन जावेत. १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो गेला आणि जगभरचे अल्टोवाले बराच काळ त्याच्या सावलीत वाजवत राहिले. मनोहारीदा वयाने त्याच पिढीच्या जवळचे, पण माझ्या कानाला त्यांचं नातं लागतं ते जॉनी हॉजेसशी, ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातल्या त्या संथ, सायीसारख्या स्वराच्या अल्टोवाल्याशी. १९६३ साली एलिंग्टन आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईत वाजवून गेले, हॉजेसही सोबत होता. मनोहारीदांनी त्याच्याकडून काही घेतलं, असा माझा दावा नाही. दोघांनाही एकच गोष्ट कळली होती, एवढंच म्हणतो: थोडे सूर, आणि प्रत्येक सुराला पुरेसा श्वास.

हे सोपं नाही. सॅक्सोफोनला चाव्या असतात, सुरांच्या जागा ठरलेल्या. आपल्या गाण्याला मात्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं असतं. ती मींड अल्टोवर काढायची तर ओठांची पकड हळूच सैल करावी लागते, बोटं चावीवरून सावकाश उचलावी लागतात, आणि पातळ रीडवर जीव ठेवावा लागतो. तेही कुठे? रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये, जिथे गायक, व्हायोलिनवाले, ढोलकवाले सगळे एकाच वेळी वाजवताहेत. शेवटच्या अंतऱ्यात एकाचा सूर हलला की अख्खा टेक पहिल्यापासून. चार मात्रांच्या तुकड्यासाठी माणूस तासभर तोंडात रीड ओली ठेवून उभा राहायचा.

बेव्हर्ली पार्कात रात्री उशिरा मीरा-भाईंदर रस्त्याची वर्दळ ओसरली की मी हे तुकडे ऐकतो. खाली मेट्रोचे खांब, समोरच्या इमारतींत एखाददुसरी खिडकी जागी. लग्नसराईत एखादी वरात रस्त्यावरून जाते, बँडवाल्यांत एक सॅक्सोफोनवाला असतो, आणि तो मुखडा वाजवून झाल्यावर मधला पीसही जसाच्या तसा वाजवतो. नाचणाऱ्या पोरांना शब्द नीट येत नसतात, पण तो पीस आला की त्यांचे खांदे बरोबर हलतात. ज्याने तो पहिल्यांदा वाजवला त्याचं नाव त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही उपेक्षा एकट्या मनोहारीदांची नाही. चितळकर रामचंद्रांच्या 'अलबेला'त ज्या झिंगेवर थिएटरं नाचली, तिच्यामागे हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, उभा होता. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याहून आलेले कितीतरी वादक आणि अरेंजर असे निनावी राबले. मनोहारीदा त्या मानाने पुढे आले. राहुलदेव बर्मन यांच्याकडे ते, बासू चक्रवर्ती आणि आपले मारुतीराव कीर असं त्रिकूट जमलं; सूर पहिल्या दोघांनी बांधायचे, ठेका मारुतीरावांनी. 'आराधना'तल्या 'रूप तेरा मस्ताना'मध्ये मनोहारीदांचा सॅक्सोफोन आणि केरसी लॉर्ड यांचा अ‍ॅकॉर्डियन एकमेकांना खेटून चालतात, तेव्हा गाण्यातलं सगळं अवघडलेपण त्या दोन वाद्यांतच आहे. किशोरकुमार त्यावर फक्त नाव घालतात, असं मला कधीकधी वाटतं. बासू-मनोहारी या जोडीने 'सबसे बडा रुपय्या'ला संगीतही दिलं, तरी लोकांच्या ओठांवर ते नाव बसलं नाही.

जॅझचे जाणकार त्यांना आपल्यात धरत नाहीत, कारण त्यांनी फिल्मी गाण्यांत वाजवलं. फिल्मी संगीताचे रसिक त्यांना साथीदार म्हणतात. मला दोन्ही निवाडे मान्य नाहीत. मोठ्या सोलोसाठी वेळ मिळाला नाही म्हणून सोलोवादक लहान होत नाही. वीस सेकंदांत ज्याला आपला आवाज ओळखता येईल असा वाजवता येतो, तो पहिल्या रांगेतला.

मनोहारी सिंग १३ जुलै २०१० रोजी मुंबईत गेले. घरात 'है दुनिया उसी की' लागलं की रफीसाहेबांच्या बरोबरीने त्यांचंही नाव घ्या, आणि शेजारी मूल बसलेलं असेल तर त्याला विचारा, आता कोण गातंय.