टबाची मेन, विहिरीची मेन



मुरबाड-शहापूरकडे शहरवाल्यांची फार्महाऊसे वाढली, आणि त्यातल्या काहींच्या अंगणात गरम पाण्याचे टबही आले. टबात बसतो मालक, शनिवार-रविवार. तो धुतो, भरतो, तापवतो तो मात्र आपल्या गावचा पोरगा. असाच एकजण मला विचारीत होता, "काका, टब धुताना वरचं बटण बंद केलं की झालं ना?"

नाही झालं. आणि हे उत्तर तुम्हीही ऐकून ठेवा, कारण विहिरीवरच्या मोटारीलाही तेच लागू आहे.

बटणाने हीटर थांबतो, पण टबाच्या यंत्रापर्यंत वीज आलेलीच असते. ती तोडायला वेगळी मेन लागते. तिला वायरमन आयसोलेटर म्हणतात. ती डबल पोल हवी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात. एकेरी स्विच चुकून न्यूट्रलवर बसला, तर हीटर बंद दिसतो आणि आतली तार जिवंत राहते. घाईत असे बसवणारे कमी नाहीत. हिरवी अर्थची तार मात्र स्विचमधून कधीच तोडायची नाही.

मेन टबाच्या काठापासून निदान दोन मीटर लांब असावी, म्हणजे पाण्यात बसलेल्याचा हात पोचत नाही. पण टब धुणाऱ्याच्या नजरेसमोर हवी. मागून कोणी येऊन चालू केली तर कळले पाहिजे. पेटी पाणी न शिरणारी, आणि केबल तिच्यात खालून घातलेली. आपल्याकडचा आडवा पाऊस वरचे भोक बरोबर शोधून काढतो. तीन किलोवॉटचा हीटर एकटाच १३ अँपिअर ओढतो, वर पंप वेगळा. तेव्हा बोर्डापासून त्याची स्वतंत्र लाईन हवी. घरातल्या प्लगातून ओढलेली वायर नको.

"फ्यूज आहे की," असे पुष्कळजण म्हणतात. फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा फ्यूज उडायला १६ अँपिअरहून जास्त करंट लागतो. माणसाचा जीव त्याच्या शंभराव्या हिश्श्यातही जाऊ शकतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. त्यावर टेस्टचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ट्रिप झाला नाही तर तो निकामी समजा. अर्थिंगही नीट हवे. आपल्या कातळात, मुरमात खड्डा उथळ राहतो आणि एप्रिल-मेमध्ये कोरडा पडतो. त्यात पाणी ओतायला विसरू नका.

आता विहिरीकडे. लाईट गेली की मोटारीला हात घालायची आपल्याला सवय आहे. स्टार्टरला ऑटो स्विच असला, तर लाईट येताच मोटार आपोआप सुरू होते. म्हणून लाईट असो वा नसो, आधी मेन पाडा, मग फ्यूजच्या ग्रिपा काढून स्वतःच्या खिशात ठेवा. भावाच्या हातात देऊ नका, खांबावर ठेवू नका. मगच मोटारीजवळ जा.

जोडणीचे काम परवानाधारक वायरमनचे. ते पोराने करायचे नाही. पण मेन कुठे आहे हे त्याला ठाऊक हवे. मालकाला विचारायला पोरगा कचरतो, नोकरीचा प्रश्न असतो. तेव्हा त्याला कामावर ठेवायला जाल त्या दिवशी तुम्हीच विचारा, "साहेब, टबाची मेन कुठंय? एकदा पाडून दाखवा."