यार्न बॉम्बिंग

‘यार्न बॉम्बिंग’ ऐकून मी खूश झालो होतो, पण निघाली लोकर! २००५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला मॅग्डा सायेग यांनी आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला लोकरीचं विणकाम घातलं, तिथून हा प्रकार पसरला. सुट्टीत बनशंकरीला मावशीने बागेच्या जाळीवर त्यातलाच एक खेळ मांडला. घर जवळ असेल त्याने लाल धागा ओवायचा, लांब असेल त्याने निळा. मला कन्नड येत नाही. मी धागे कापून देत होतो, सुटलेल्या गाठी क्लोव्ह हिचने पक्क्या करत होतो. गेटशेजारीच राहणाऱ्या रखवालदार काकांनी निळा ओवला.

“आणि तू रे?” मावशीने विचारलं.

आई-बाबा पठाणकोटला, आजी कराडला, मी सहावीपासून हॉस्टेलवर. दोन्ही रंग हातात घेऊन उभा राहिलो. मग पीटी शूजची पांढरी नाडी काढून ओवली.

परतताना बूट सारखा निघत होता.