देवघेवीच्या टेबलावरचे संगणक

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५
घटस्थापना, वाचक तुरळक. सगळ्या संगणकांची झाकणं उघडून यादी केली. जडसंग्रह नोंदवहीत नुसतं ‘संगणक संच’ लिहिलेलं आहे. प्रोसेसर कितव्या पिढीचा, मेमरी किती, काही पत्ता नाही. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबरला थांबणार. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्याकडचं एकही यंत्र त्यात बसत नाही.

कार्यवाह सरांनी विचारलं, “मॅडम, म्हणजे सगळे भंगारात?” मी ठाम नाही म्हणाले. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय-कर नाही. आमची भिस्त अनुदानावर आणि वर्गणीवर. नवे दोनच घ्यायचे, एक सर्व्हर आणि एक देवघेवीला. बाकीच्यांत हार्डडिस्कऐवजी एसएसडी, मेमरी वाढवून ८ जीबी, आणि लिनक्स. आमचं काम ‘कोहा’ या ग्रंथालय-प्रणालीवर चालतं, आणि तिला टेबलावर फक्त ब्राउझर लागतो.

कोहाचा जन्मही असाच मुदतीच्या धाकातून झाला. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर टिकणार नव्हती. त्यांनी नवी बनवून घेतली, २००० च्या जानेवारीत सुरू केली आणि जगाला फुकट वापरायला दिली. एका लहान ग्रंथालयाने घेतलेल्या त्या निर्णयावर आज आमची देवघेव चालते, याचं मला फार अप्रूप आहे.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
तीन दरपत्रकं आली. सर्वांत स्वस्त दरपत्रकात ‘आय-३’ एवढंच, पिढी लिहिलेली नाही. दुसऱ्यात हमी तीन वर्षांची, पण यंत्र जिल्ह्याच्या गावी आपणच नेऊन द्यायचं. जीएसटी १८ टक्के कुणी धरलाय, कुणी वेगळा. तुलनात्मक तक्त्यात मी दोन रकाने वाढवले: जागेवर येऊन दुरुस्ती, आणि पाच वर्षांचा एकूण खर्च. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तीही त्यात धरली. कमीत कमी दर म्हणजे कमीत कमी खर्च नव्हे, हे कार्यकारी मंडळापुढे मी ठासून मांडणार आहे. खरेदीसाठी देणगीदार मिळतात, फोटो निघतात. बॅटरीसाठी कुणी देणगी देत नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर
खंडेनवमी. पूजेआधी ब्लोअरने सगळी यंत्रं साफ केली. एका पंख्यावर धुळीचा थर इतका होता, की पाती फिरत नव्हती. ते यंत्र तापून आपोआप बंद पडायचं आणि सगळे व्हायरसला दोष द्यायचे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर
अभ्यासिकेतला एक मुलगा काकुळतीला आलेला. “ताई, फॉर्मची साइट उघडतच नाही, आज शेवटचा दिवस आहे.” बाकीच्या संगणकांवर इंटरनेट नीट चालू होतं. कोपऱ्यात तारीख पाहिली, तर २०१६ चा जानेवारी! मदरबोर्डवरचा सेल संपलेला. वीज गेली की यंत्र तारीख विसरतं, आणि चुकीच्या तारखेला सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं अवैध ठरतात. तारीख हाताने दुरुस्त करून आधी त्याचा फॉर्म भरून घेतला. सीआर २०३२ सेल घड्याळाच्या दुकानात मिळाला. सर्व्हरचा सेल असा गेला असता तर परतीच्या तारखा आणि विलंब शुल्क दोन्ही बिघडलं असतं. आता सगळ्या यंत्रांचे सेल एकदमच बदलायचे.

शनिवार, ११ ऑक्टोबर
नवे संगणक आले. खोकी उघडायला सगळे जमले, पण माझं लक्ष जुन्या ग्रंथसूचीत अडकलेलं. ती युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप केलेली. त्या फाइलीत मराठी मुळात नाहीच. आत रोमन अक्षरं नि चिन्हं, आणि फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. नव्या यंत्रावर तो फाँट नाही, त्यामुळे पडद्यावर सगळी गिचमीड.

रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने पुष्कळसं काम केलं, पण पहिली वेलांटी आणि रफार त्याला झेपत नाहीत. जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं बरोबर उलटं. त्यामुळे ‘र्’ आणि ‘ि’ असलेला प्रत्येक शब्द डोळ्यांखालून घालावा लागतोय.

त्यातच एका आजोबांनी अत्र्यांचं ‘कऱ्हेचे पाणी’ मागितलं. कपाटात खंड ओळीने उभे, शोधात मात्र त्यांतले मोजकेच सापडतात. कारण ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. डोळ्याला दोन्ही सारखे, आमच्या शोधाला वेगळे. ‘ॲ’चंही तेच. त्याला स्वतंत्र संकेत २००८ साली मिळाला. त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर चंद्र ठेवलेला. म्हणून ॲड. लिहिलेले लेखक दोन गटांत विभागले गेले.

संध्याकाळी ठरवलं, एकच रूप पाळायचं आणि ते भिंतीवर लिहून लावायचं. यंत्राचं आयुष्य पाच-सात वर्षांचं. नोंदी पन्नास वर्षांनंतरच्या ग्रंथपालाला वाचता आल्या पाहिजेत. खरी गुंतवणूक इथे आहे, आणि ती कुठल्याच दरपत्रकात दिसत नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
काल वाचन प्रेरणा दिन, आता दिवाळी अंकांची गडबड. तरी अभ्यासिकेतली यंत्रं तपासली. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये मुलामुलींची आधार कार्डं, जातीचे दाखले, बँकेची पासबुकं. फॉर्म भरायच्या घाईत राहून गेलेली, पुढच्या माणसाला सहज दिसणारी. वाचकांसाठी पाहुणा खातं सुरू केलं. बाहेर पडलं की सगळं पुसलं जातं. भरवशाने येणाऱ्या मुलांचे कागद सांभाळणं हेही ग्रंथपालाचंच काम.

शनिवार, ८ नोव्हेंबर
खरोखरच गेलेल्या यंत्रांचं निर्लेखन मंजूर. भंगारवाला दारात आला होता, त्याला दिली नाहीत. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवीत. हार्डडिस्क आधी काढून पूर्ण पुसल्या. त्यांत सभासदांचे पत्ते नि फोन नंबर होते.

गुरुवार, २० नोव्हेंबर
ग्रंथालय सप्ताहाचा शेवटचा दिवस. दुपारी रोजच्या बॅकअपची प्रत एका जुन्या, एसएसडी घातलेल्या यंत्रावर उतरवून पाहिली. बॅकअप घेतला म्हणजे तो परत उघडतोच असं नाही, उघडून पाहावाच लागतो. सभासद आले, ग्रंथ आले, मुखपृष्ठांची चित्रं मात्र आली नाहीत. ती वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. बॅकअपच्या आज्ञावलीत तो मार्ग वाढवला.

पुढच्या अंदाजपत्रकात ‘संगणक देखभाल’ हे स्वतंत्र शीर्ष घालायला मंडळाने होकार दिला आहे. आकडा डिसेंबरच्या बैठकीत ठरेल. सेल, बॅटऱ्या, एसएसडी आणि वायरमनकडून अर्थिंगची तपासणी, एवढं तरी त्यात बसवायचंच आहे.