जिभेखालची गोळी

वसईच्या पश्चिमेस, केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या जिथे अद्याप पुरत्या विकल्या गेलेल्या नाहीत, तिथे आमच्या शेजारच्या घरी गृहस्थांच्या हृदयविकाराचे एक स्वतंत्र दप्तरच आहे. इकोचे अहवाल, अँजिओप्लास्टीचे कागद, औषधांच्या वेळा असा सारा तपशील वहिनींनी त्यात तारीखवार लावून ठेवला आहे, आणि तरीही त्या विकाराविषयी उभयतांत सरळ असा शब्द कधी निघत नसे. जे बोलायचे ते मिठावरून. मिठागरांच्या या मुलुखात, जिथे सुक्या बोंबलावाचून पावसाळ्यातले जेवण जेवणच वाटत नाही, तिथे "आमटी अळणी झाली का हो?" या प्रश्नात, रात्री झोप का लागली नाही, ही पृच्छा असे; आणि "नाही गं, छान झालीय" या उत्तरात, घाबरू नकोस, हे आश्वासन.

या संकोचास मी प्रेमच म्हणतो. परंतु ते प्रेम घातक आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या म्हणजे चढणीवर छाती आवळते, कळ डाव्या हाताकडे, क्वचित जबड्याकडे सरकते आणि थांबताच ओसरते. हे ओसरणेच ती दडवण्याची सवलत देते. वसई रोड स्थानकाच्या पुलावर हे गृहस्थ मध्येच उभे राहून विरार गाडीची वेळ पाहण्याचे निमित्त करीत, आणि दोन पायऱ्या पुढे गेलेल्या वहिनी पिशवीत उगाच काही शोधू लागत.

न्यायमूर्ती रानड्यांना १९०० च्या अखेरीस प्रकृतीने लाहोरच्या सामाजिक परिषदेस जाऊ दिले नाही, आणि १६ जानेवारी १९०१ रोजी हृदयविकाराने ते गेले. ज्यांनी पत्नी रमाबाईंना अक्षर शिकवले, त्यांच्या अखेरच्या दिवसांची हकिकत त्याच अक्षरांतून लोकांपुढे यायला १९१० साल उजाडावे लागले. मागे राहिलेल्या पत्नीस सारे सांगता येते; ऐकणारा मात्र उरलेला नसतो.

गेल्या श्रावणात वहिनींनीच ताट पुढे ठेवीत विचारले, "अहो, पुलावर तुम्ही गाडीची वेळ पाहत नाही, मला ठाऊक आहे. किती वेळा थांबावं लागतं?"

"पूर्वी एकदा," ते बऱ्याच वेळाने म्हणाले, "आता दोनदा."

हा जबाब दप्तरात तारखेनिशी नोंदवून वहिनींनी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांपुढे ठेवला; कारण असा फरक कागदांत उमटण्याआधी रोग्याच्या तोंडूनच कळायचा असतो. रात्री कळ आली तर झोपमोड होईल म्हणून गप्प राहायचे नाही, असे वचनही त्यांनी घेतले. जिभेखाली ठेवायची गोळी आता उशाशी असते, आणि नाक्यावरच्या रिक्षावाल्याचा नंबर दोघांनाही पाठ आहे.